आई ढगांतून उतरली तो उन्हाळा

परवा सकाळी चहा घेताना या लग्नसराईतली पहिली पत्रिका आली. आली म्हणजे फोनवर आली. उघडली तर नवरा-नवरी बैलगाडीत बसून ढगांतून निघालेले, बैलांच्या शिंगांना दिवे लावलेले, आणि नवऱ्याच्या उजव्या हाताला सहा बोटं. हा मुलगा मला चांगला माहीत आहे. चारचाकी काढल्याशिवाय तो दळणालाही जात नाही. मी पत्रिका तिथल्या तिथे पुसून टाकली. बायको म्हणाली, "अवो, तारीख तरी बघायची हुती." मी म्हणालो, "ज्याला बोलवायचं आसंल त्यानं दारात येऊन बोलवावं." वैशाख जवळ आला की मी असा फणफणायला लागतो, हे तिच्या आता अंगवळणी पडलं आहे.

एके काळी मला हा उन्हाळा फार आवडायचा. कारखान्याची धुराडी शांत झालेली असतात. रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्या गेलेल्या असतात, आणि त्यांच्याबरोबर तो मळीचा आंबूस वासही. तोडलेल्या उसाच्या खोडव्याला कालव्याचं पाणी मिळालेलं असलं तर सकाळी सहाला एमआयडीसीच्या रस्त्यावर ओल्या मातीचा गारवा अंगाला लागतो, आणि नऊ वाजता तोच रस्ता तव्यासारखा होतो. तिकडे भिगवणला उजनीचं पाणी मागे मागे सरकतं, भेगाळलेला गाळ उघडा पडतो, रेंगाळलेले चार-दोन रोहित पक्षी एका पायावर विचार करत उभे असतात. आणि हायवेच्या कडेला एकामागोमाग एक लग्नाची लॉन्स जागी होतात. जनरेटर, माईकची टेस्टिंग, मठ्ठ्याची पिंपं, आणि ऊन चढायच्या आत लग्न लावायची सगळ्यांची घाई. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका लग्नात माझ्या जिवंत आईला आम्ही स्वर्गात पाठवलं. तेव्हापासून मला या दिवसांत ढगाचं चित्र जरी दिसलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

मला यंत्रांचं वेड आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाटेल कुणी जुन्या वळणाचा माणूस कुरकुरतोय. माझं आयटीआय इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचं. तीस वर्षं मी बारामतीत एका कंपनीत प्रेशर गेज, थर्मामीटर, फ्लो मीटर तपासतोय. आमच्या आळीत पहिला व्हीसीआर मी आणला, पहिला कॉम्प्युटर मी आणला, आणि टाळी वाजवली की लागणारा दिवाही मीच बसवला, जो शेजारच्या घरी पापड लाटताना पोळपाट आपटला तरी लागायचा. शेजारच्या बापूंच्या उसात ती नवी दांडी खुपसली आहे, जमिनीतली ओल मोजून फोनवर कळवणारी. "मातीला काय लागतंय त्ये मला कळंना झालंय व्हय?" असं म्हणत बापू तिच्यावर रुसून बसले होते. त्यांना समजावून ती बसवायला लावली ती मी. आज ते तिचं ऐकतात आणि पाणी वाचलं म्हणून खूश आहेत. त्या दांडीवर माझा राग नाही. ती ओल मोजते, आणि जेवढी आहे तेवढीच सांगते.

माझं हे वेड आलं आबांकडून. आबा म्हणजे माझे वडील. ते टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. थंडी पडली की तंबूची गाडी निघायची ती पावसाच्या तोंडावरच परत यायची. मोरगाव, लोणी भापकर, भिगवण, इंदापूर, ज्या गावची जत्रा त्या गावाला मुक्काम. मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींजवळ आणल्या की डोळे दिपवणारा उजेड पडायचा, आणि तो उजेड सारखा ठेवण्यात ऑपरेटरचं कसब. आबांच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. मशीननं घेतली होती. त्या अर्ध्या बोटानं ते आम्हाला दटावायचे तेव्हा पूर्ण बोटापेक्षा जास्त भीती वाटायची.

आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच घरातले देव बाहेर गेले होते. पण तंबूत चालायचे ते पौराणिक सिनेमे. देव पडद्यावर आला की माणसं चपला काढून बसायची, कुणी नारळ फोडायचं, बाया पदर डोक्यावर घ्यायच्या. आबा मशीनच्या मागून हे सगळं बघायचे. काही गावांत याच माणसांनी त्यांना प्यायला पाणी वरून ओतलेलं होतं. घरी आल्यावर ते जेवता जेवता म्हणायचे, "सोर्ग हाय की. माज्या मशिनीत हाय. कार्बन सपला की सोर्ग बंद." आणि आई हसून त्यांच्या ताटात अजून एक भाकरी टाकायची.

तंबू भरला की पडद्याच्या मागच्या बाजूलाही माणसं बसायची. त्यांना तोच सिनेमा उलटा दिसायचा, सगळे नट डावखुरे. लहानपणी मी मुद्दाम मागे जाऊन बसायचो. वाऱ्यानं पडदा हलला की देवाच्या पोटाला घडी पडायची, शिवलेल्या जागी राजाच्या गालावर टाके दिसायचे. आम्ही रडायचो, शिट्ट्या मारायचो, पण तो पडदा आहे हे कुणी विसरत नव्हतं. खेळ संपला की त्याच पडद्याची घडी घालून तो गाडीत टाकलेला आम्ही बघायचो. आज माझ्या खिशातल्या पडद्याला मागची बाजूच नाही. त्यावर सिनेमा आला तर तोही दीडपट वेगानं, कुणीतरी कथा सांगून टाकलेला. जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमाला रंग फासून, नटीचे गाल इस्त्री केल्यासारखे गुळगुळीत करून लोक एकमेकांना पाठवतात आणि खाली लिहितात, किती छान झालंय. छान काय कपाळ! त्या बाईच्या चेहऱ्यावर जे होतं ते पुसून तुम्ही तिथे प्लॅस्टिक लावलंय.

असं मी आज म्हणतो. दोन वर्षांपूर्वी म्हणत नव्हतो, आणि खरं दुखणं तेच आहे. माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न ठरलं. दादा इंदापूरला असतो. शूटिंगवाल्या स्वप्नीलनं त्याला सांगितलं की हल्ली ड्रोन आणि एलईडी भिंतीबरोबर 'एआय आशीर्वाद' सगळेच घेतात. घरातलं गेलेलं माणूस पडद्यावर येतं, नवरा-नवरीला आशीर्वाद देतं. दादाला ते काही पटेना. "आपल्यात आसलं चालतं का रं?" असं त्यानं मला विचारलं. त्या वेळी मी नको म्हणालो असतो तर विषय तिथेच संपला असता. पण नवीन यंत्र म्हटलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. मी म्हणालो, "आरं, फोटूच हाय. फक्त हालणार हाय. आबांना मशिनीचं कवतिक हुतं. त्येंना आवडलं आसतं."

आबांचा चांगला फोटो एकच होता. इंदापूरच्या स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला बंगला, आणि खुर्चीत बसलेल्या आबांच्या शेजारी उभी आई. मी तो स्वतः स्कॅन केला, डाग काढले, आणि स्वप्नीलला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. लिहायला हवं होतं हे सुचलंसुद्धा नाही. आई तर आमच्या घरात तांदूळ निवडत बसलेली होती, ती जिवंत आहे असं कुणाला लिहून कळवायचं असतं का?

लग्नाच्या दिवशी सकाळी स्वप्नीलची लिंक आली. 'काका, चेक करून ओके द्या.' मी तेव्हा लॉनवर माईकची शिट्टी घालवण्यात गुंतलो होतो. उन्हात फोनचा पडदा धड दिसत नव्हता. मी सुरुवातीचं थोडंसं पाहिलं, ढग आले, आबांचा चेहरा आला, ओळखू आला, आणि मी अंगठा पाठवला. कंपनीत एक साधा प्रेशर गेज असला तरी मी तो खालपासून वरपर्यंत पाच ठिकाणी तपासतो, मगच त्याच्या चिठ्ठीवर सही करतो. तीस वर्षांत एकदाही न बघता सही केलेली नाही. आणि माझ्या आईबापावर मी न बघता अंगठा दिला!

वंदना झाली. त्रिसरण-पंचशील झालं. पांढऱ्या साडीत प्रज्ञा इतकी शांत दिसत होती की उकाड्याचाही विसर पडला. मग निवेदक म्हणाला, "आता एक भावनिक क्षण," आणि मागची ती अजस्र भिंत उजळली. बासरी वाजायला लागली. ढग फाकले. आणि सोनेरी जिन्यावरून आबा उतरायला लागले. कपाळावर गंध, गळ्यात हार, मागे तेजाचं चक्र. बोटं दहाच्या दहा, सगळी पूर्ण. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना स्वर्ग दाखवला आणि स्वतः त्यातल्या एका ढगावर कधी विश्वास ठेवला नाही, त्याला बुद्धमूर्तीच्या बरोबर मागे उभं करून आम्ही देव केला होता. माझ्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. मी स्वप्नीलच्या टेबलाकडे धावलो. आणि मधेच थांबलो, कारण जिन्यावर आबांच्या शेजारी आई आली होती.

गाल भरलेली, केस काळेभोर, भरजरी शालू नेसलेली आई. तिनं आबांच्या बरोबरीनं हात वर केला आणि आकाशवाणीवरच्या बाईसारख्या शुद्ध आवाजात म्हणाली, "बाळांनो, आम्ही जिथे आहोत तिथून आमचे आशीर्वाद सदैव तुमच्या पाठीशी आहेत." मग टाळ्या वाजल्या. बायका डोळे पुसत होत्या. पुरुष नाक ओढत होते. आणि पहिल्या रांगेत, पंख्यासमोरच्या सोफ्यावर माझी आई मठ्ठ्याचा ग्लास हातात धरून स्वतःकडे बघत होती.

मी तिच्यापाशी पोचलो तेव्हा तिनं ग्लास खाली ठेवला. आवाज चढवला नाही. मला विचारलं, "मला कदी न्हेलं रं तुमी?"

दादानं खालमानेनं म्हटलं, "आये, चुकून झालं." ती म्हणाली, "यवडी सारी दुनिया रडली की चुकून." पंगतीत तर कहरच झाला. दादाच्या व्याह्यांकडचे एक गृहस्थ गुलाबजाम घेता घेता मला म्हणाले, "आईंचं कळलं नाही हो आम्हाला. कधी झालं?" त्यांच्यापासून तिसऱ्या पाटावर आई भात कालवत होती. मी तिच्याकडे बोट केलं. त्यांनी पाहिलं, ओशाळले आणि वाढप्याला पुन्हा हाक मारली. आज सांगताना हसू येतं खरं. त्या दिवशी मात्र मी ताट तसंच सोडून उठलो.

स्वप्नीलला मी जनरेटरच्या मागे गाठलं. पोरगा वाईट नव्हता, घाबरलाही होता. पण काय म्हणाला पाहा! "काका, सॉफ्टवेअरला काय म्हाइत कोन हाय आन् कोन न्हाय? तुमी अंगठा दिला हुता की." आणि मग मला दिलासा द्यायला, "काळजी करू नका, आजींना क्रॉप करून देतो." जन्मभर भाकरी थापलेली, दोन लेकरांना हातपाय फुटेपर्यंत कडेवर वागवलेली बाई, आणि तिला हा कापून देणार होता. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, कारण अंगठा माझा होता.

तोवर ती चित्रफीत कधीच लॉनच्या बाहेर गेली होती. पोरींच्या स्टेटसला, सोसायटीच्या ग्रुपवर, पुण्याच्या पाहुण्यांकडे. कुणी खाली फुलं टाकली, कुणी जोडलेले हात. मी प्रत्येकाला फोन करून पुसायला सांगितलं. एक जण म्हणाला, "राहू द्या की, सुंदर झालंय." लोकांना खोटंसुद्धा सुंदर असलं की ठेवावंसं वाटतं. बाई जिवंत आहे हे सांगितल्यावरसुद्धा! या एका वाक्यानं माझा जितका संताप झाला तितका स्वप्नीलच्या अख्ख्या भिंतीनं झाला नव्हता.

लग्नानंतर आई माझ्याबरोबर बारामतीला परत आली. तिसऱ्या दिवशी दुपारी लोणी भापकरहून फोन आला. तिथे आईचा धाकटा भाऊ, नानामामा. खुब्याचं हाड मोडल्यामुळे ते लग्नाला येऊ शकले नव्हते. फोन त्यांच्या सुनेचा, सुनीताचा होता. ती रडवेली झाली होती. नानांनी शेजाऱ्याच्या फोनवर ते पाहिलं होतं. आक्का गेली आणि आपल्याला कुणी कळवलंही नाही, या धक्क्यानं त्यांनी दोन दिवस अन्नाला शिवलं नव्हतं. साखरेचा आजार, आणि गोळ्याही थुंकून टाकत होते. "मी सांगितलं त्यास्नी, कॉम्प्युटरनं केल्यालं हाय म्हून. आत्या बऱ्या हायेत म्हून. पर ऐकंनात. डाक्टर म्हनला आज जेवले न्हाईत तर बारामतीला ॲडमिट करा."

मी म्हणालो, हात्तिच्या, यात काय आहे. आईला फोनसमोर बसवलं आणि व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे सुनीतानं फोन मामांच्या तोंडासमोर धरला. खोल गेलेले डोळे, वाढलेली दाढी. आई म्हणाली, "नाना, आरं मी हाय. बग की हिकडं." मामांनी टक लावून पाहिलं. मग हळूहळू मान भिंतीकडे वळवली.

"ह्ये बी तसलंच हाय," ते म्हणाले.

आई हाका मारत राहिली. मी तिच्या हातातून फोन घेतला. "मामा, तिला कायबी इचारा. फक्त तुमाला दोगांनाच म्हाइत आसंल आसं." ते भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले, "पांढऱ्या शेळीचं काय झालं हुतं?" आईनं क्षणही लावला नाही. "लांडग्यानं न्हेली. तू झोपला हुतास. आन् आयला सांगितलंस आक्कीच्या हातनं सुटली म्हून. मार मी खाल्ला." मला वाटलं जिंकलो. मामांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलेलं मला फोनवर दिसलं. पण ते म्हणाले, "बराबर हाय. तुमच्या मशिनीला समदंच म्हाइत आसतंय. तूच सांगितलंस की."

सांगितलं होतं. मीच. आदल्या थंडीत त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी भेटायला गेलो होतो. करमणूक म्हणून फोनवरच्या त्या एआयला त्यांच्या ज्वारीवरच्या किडीबद्दल विचारलं, त्यानं घडाघडा सांगितलं, आणि मी छाती फुगवून म्हणालो होतो, "मामा, ह्येला कायबी इचारा. ह्येला समदं म्हाइत हाय." त्या वेळी ते नुसते "व्हय का" म्हणाले होते.

आमच्या घरात सगळे म्हणायला लागले, नाना अडाणी आहेत, भ्रमिष्ट झालेत. मला ते पटलं नाही. नानामामा तरणेपणी आबांबरोबर तंबूवर जायचे, रिळांच्या पेट्या उचलायचे, तुटलेली फिल्म चिकटवायचे. चित्र कसं बनतं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. आम्ही त्यांना आधी एक खोटी आक्का दाखवली, मग ती खोटी होती म्हणून सांगितलं, आणि लगेच त्याच काचेत दुसरी आक्का दाखवून म्हणालो, ही खरी. त्यांनी का मानावं? कुठल्या खुणेवरून? मला ती खूण आजही सांगता येत नाही, आणि माझा धंदा खरं-खोटं मोजण्याचा आहे.

लाज वाटते, पण त्या क्षणीही मी फोनलाच विचारलं. म्हाताऱ्या माणसाला बहीण जिवंत असल्याची खात्री कशी पटवावी? उत्तर आलं, 'तुमच्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.' मग आकडे घालून सल्ले. पहिलाच सल्ला, व्हिडिओ कॉल करून पाहा. मनापासून म्हणे! मन कुठल्या तारेत ठेवलंय ते तरी दाखवा. मी फोन दिवाणावर भिरकावला. आईनं तो उचलून सरळ ठेवला आणि म्हणाली, "झालं तुजं? गाडी काड."

"आये, ऊन बग की. तुजे गुडघे. सांजच्याला जाऊ."

"सांजपातूर त्यो ऱ्हातोय का मरतोय. गाडी काड म्हनलं ना."

डॉक्टरनं तिला जिना चढायलाही बंदी केली होती. बायकोनं ओल्या पंच्याची घडी तिच्या डोक्यावर ठेवली, ताकाची बाटली दिली. आम्ही मोरगावच्या रस्त्याला लागलो. बारामती मागे पडली की हिरवं हळूहळू विरळ होतं. ऊस संपतो, मग मका संपतो, मग नुसती नांगरून टाकलेली तांबूस-काळी रानं, बोरी-बाभळी, आणि बाभळीच्या पावलाएवढ्या सावलीत माना घुसवून उभी राहिलेली शेरडं. गरम वाऱ्यात गवताचा आणि धुळीचा वास होता. एसी लावला तर आई म्हणाली, बंद कर, कान दुखतात. दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड धरून बसली होती, तो सोडला तर गाडी थांबेल अशी. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होतो. स्वप्नीलला, फुलं टाकणाऱ्यांना, ज्यांनी हे सॉफ्टवेअर केलं त्या न पाहिलेल्या माणसांना. प्रत्येक शिवी फिरून माझ्या अंगठ्यावर येत होती.

नानामामा आता नाहीत. गेल्या थंडीत गेले, आपल्या वेळेला, झोपेत. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कुणीतरी पडद्याचा विषय काढला तेव्हा आईनं एकच वाक्य सांगितलं, "फोटू भितीवर ऱ्हाऊ द्या, त्येला हालवू नगा." पण त्या दुपारी ते राहतात की जातात हे आम्हाला माहीत नव्हतं. मोरगावकडून येणारी एसटी धूळ उडवत बाजूनं गेली आणि आई बोलली. "निर्मळ माणूस हाय रं. लई रडला आसंल."

घर गावाच्या कडेला. दारात चिंच. मी धरतोय म्हटलं तर तिनं माझा हात झटकला आणि भिंतीला धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत ती चढली. सुनीता दोन्ही हातांत पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली आणि आम्हाला बघून तिथेच थबकली. आतल्या खोलीत अंधार आणि औषधांचा वास होता. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"नाना, आत्या आल्यात," सुनीता म्हणाली.

त्यांनी मान वळवली. आई चौकटीत उभी होती, पाठीमागून ऊन. ते तिच्याकडे बघत राहिले. मग थकलेल्या आवाजात सुनीताला म्हणाले, "बंद कर त्ये."

कुणाच्याही हातात फोन नव्हता. सुनीता पदर तोंडाशी लावून रडायला लागली. मला वाटलं आता आई ओरडेल. पण ती पाय ओढत खाटेपाशी गेली, कण्हत टेकली, पदरानं घाम पुसला, आणि मामांचा हात उचलून आपल्या गालावर ठेवला. हात आधी नुसताच पडून राहिला. मग बोटं हलली. घामेजलेला गाल, कानाची ओघळलेली पाळी, गळ्याची हाडं, खांदा, दंड चाचपत ती खाली आली आणि मनगटापाशी थांबली. मामांनी ते मनगट मुठीत धरलं.

"वाळलीस गं, आक्के."

"मग!" आई एवढ्या जोरात म्हणाली की अंगणातली शेळी ओरडली. "जित्ती हाय म्हून वाळले."